जाबुय यांच्यावर स्मृतिलेख लिहिताना

ज्याँ-पिएर जाबुय २ फेब्रुवारी २०२३ रोजी गेले. फॉर्म्युला वनमध्ये टर्बो इंजिनाला (बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर हवा दाबून भरणाऱ्या) पहिला विजय मिळवून देणारा हा फ्रेंच चालक. पुण्यतिथीला किंवा फ्रान्समधल्या दिजाँच्या ट्रॅकवर मिळालेल्या त्या विजयाच्या दिवशी, म्हणजे १ जुलैला, त्यांच्यावर पाच-सहाशे शब्द लिहायचे असतील तर काय घ्यावं, काय टाळावं आणि नेमकं कुठे चुकतं, ते इथे दिलं आहे.

सुरुवात नावापासून. रोमन स्पेलिंग बघून ‘जाबुइल’ किंवा ‘जबौली’ लिहू नका. व्हर्सायच्या स्पेलिंगमधला एल जसा उच्चारात येत नाही, तसाच इथलाही येत नाही, म्हणून ‘जाबुय’. ‘कै.’ लावू नका. ‘दिवंगत’ लिहा, किंवा काहीच नको. आदरार्थी बहुवचन वापरायचं ठरवलंत तर शर्यतीच्या वर्णनातही तेच ठेवा. ‘ते जन्मले’ आणि दोन ओळींनी ‘त्याने ओव्हरटेक केलं’ हे वाचताना खडा लागल्यासारखं होतं. वयाचंही सांभाळा. जन्म १ ऑक्टोबर १९४२, पॅरिस. निधनाच्या वेळी ८० पूर्ण होऊन ८१वं चालू होतं. त्यामुळे ‘८०व्या वर्षी’ न लिहिता सरळ ‘ते ८० वर्षांचे होते’ लिहा.

आकड्यांनी लेख उघडू नका. ४९ शर्यती, ६ पोल (सर्वांत पुढच्या जागेवरून सुरुवात), २ विजय, २१ गुण. असं पहिल्याच परिच्छेदात आलं की वाचक त्यांना मधल्या फळीतला चालक समजून पुढे जातो. त्या २१ गुणांची फोड द्या: दोन विजयांचे ९ आणि ९, अमेरिकेतल्या वॉटकिन्स ग्लेनला १९७८ मध्ये आलेल्या चौथ्या क्रमांकाचे ३. संपला हिशेब. सबंध कारकिर्दीत गुण मिळाले ते तीनदाच. पोल मात्र सहा. वेग होता, गाडी शेवटपर्यंत टिकत नव्हती. हा विरोधाभासच लेखाचा कणा आहे, त्यामुळे निम्मी जागा त्याचं कारण सांगायला ठेवा.

कारण असं. १९६६पासूनच्या नियमानुसार इंजिन ३००० सीसीचं साधं, किंवा १५०० सीसीचं पण हवा दाबून भरणारं, असे दोन पर्याय होते. दुसऱ्याला कुणी हात लावला नव्हता. जुलै १९७७ मध्ये इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला रेनॉ या फ्रेंच कंपनीने तो पर्याय टर्बोच्या रूपात मैदानात आणला, आणि गाडी जाबुय यांच्या हाती दिली. त्या मोसमात गाडीने चार शर्यती सुरू केल्या, चारही अर्ध्यावर सुटल्या. टर्बोचं चाक इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या वायूवर फिरतं. दाबलेली हवा स्वतःही तापते. ही सगळी उष्णता टर्बो, पिस्टन आणि झडपांवर येते, आणि तिथेच गाडी दगा द्यायची.

दुसरी अडचण पिकअपची. जुनी टर्बो डिझेल गाडी घाटात चालवलेल्याला ती लगेच कळते: ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर काहीच होत नाही, मग गाडी एकदम ओढते. वाचकासाठी हेच उदाहरण वापरा, आकृतीची गरज पडत नाही. आता तोच उशीर शर्यतीच्या वेगात कल्पावा. वळणाच्या मध्याआधीच पाय दाबायचा, म्हणजे बाहेर पडताना ताकद हजर असते. अंदाज थोडा चुकला की वळणातच ताकद येऊन मागची चाकं सुटतात. १९७९ मध्ये एका मोठ्या टर्बोच्या जागी दोन लहान आले. हलकी चाकं लवकर वेग घेतात, त्यामुळे उशीर कमी झाला. मधली दोन वर्षं इंजिन फुटत असताना पुन्हा गाडीत बसून काय बिघडलं ते इंजिनिअरांना सांगत राहणं, हे जाबुय यांचं मोठं काम. विजयाइतकीच जागा त्याला द्या.

त्याच वर्षी, १९७९च्या मार्चमध्ये, दक्षिण आफ्रिकेतल्या कयालामीला टर्बोची पहिली पोल त्यांनीच घेतली. तिथली उंची सुमारे १५०० मीटर. विरळ हवेत साधी इंजिनं ढेपाळतात, टर्बोला तेवढा फटका बसत नाही. हे कारण एका ओळीत लिहाच, नाहीतर पोल नशिबाची वाटते.

मग दिजाँ, १ जुलै १९७९. ८० फेऱ्या, ३.८ किलोमीटरचा ट्रॅक. पोल जाबुय यांची, पण निम्म्याहून अधिक शर्यत फेरारीचे व्हिलनव्ह पुढे. त्यांना मागे टाकून जाबुय साधारण १५ सेकंदांनी जिंकले. चालक, गाडी, इंजिन, मिशलिनचे टायर, एल्फचं इंधन आणि जमीन, सगळं फ्रान्सचं. इथे बहुतेक लेख घसरतात. व्हिलनव्ह आणि रेनॉचे दुसरे चालक आर्नू यांची चाकाला चाक लावून झालेली झुंज इतकी प्रसिद्ध आहे की लिहिणारा तिच्यातच रमतो. ती दुसऱ्या क्रमांकासाठी होती. तिला दोन ओळी पुरेत. ज्यांचा मृत्युलेख आहे ते तेव्हा पुढे एकटे होते.

‘पहिला’ हा शब्द मोजून वापरा. ‘फॉर्म्युला वनमधला टर्बोचा पहिला विजय’ बरोबर. ‘शर्यतींमधला टर्बोचा पहिला विजय’ चूक, कारण इंडियानापोलिसला १९६८ मध्येच टर्बो जिंकला होता. ‘हवा दाबून भरणाऱ्या इंजिनाचा फॉर्म्युला वनमधला पहिला विजय’ हेही चूक. १९५०च्या अल्फा रोमिओला सुपरचार्जर होता, तोही हवा दाबूनच भरायचा, फक्त इंजिनाच्याच फिरण्यावर चालायचा.

पुढचं थोडक्यात आटपा. १९७६ची युरोपियन फॉर्म्युला टू विजेतेपदाची ओळ राहून जाते, ती घाला. ऑगस्ट १९८० मध्ये ऑस्ट्रियात ॲलन जोन्सवर एका सेकंदाहूनही कमी अंतराने विजय. सप्टेंबरमध्ये माँट्रियलला अपघात, पाय मोडला. १९८१ मध्ये लिजिए संघाकडून परतले, पण पाय साथ देईना आणि त्याच मोसमात थांबले. ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत तिसरा क्रमांक चारदा: १९७३, १९७४ मात्राबरोबर, १९९२, १९९३ प्यूजोबरोबर. यातला १९९३चा मिळाला तेव्हा ते पन्नाशीत होते. त्यानंतर प्यूजोच्या शर्यत विभागाची धुराही त्यांनी सांभाळली.

फोटो शेवटी निवडा आणि गाडीचा क्रमांक बघून घ्या. रेनॉच्या दोन्ही गाड्या पिवळ्या होत्या. दिजाँच्या झुंजीतली, व्हिलनव्हच्या १२ क्रमांकाशेजारची पिवळी गाडी आर्नूची, क्रमांक १६. तिच्याखाली जाबुय यांचं नाव छापू नका. त्यांच्या गाडीवर १५ असतो.