मोबाइलच्या लहरी: टॉवरकडे बघण्याआधी फोन तपासा

सोसायटीच्या गच्चीवर टॉवर येणार कळलं की सभा भरते, कानाला तासभर चिकटलेल्या फोनबद्दल मात्र कुणी बोलत नाही. शरीरात जास्त ऊर्जा जाते ती त्या फोनचीच, कारण तो डोक्याला टेकलेला असतो.

डायलरमध्ये *#०७# टाइप करा. बहुतेक फोन एसएआर, म्हणजे फोनची किती ऊर्जा शरीर शोषतं तो आकडा, दाखवतात. भारतात सप्टेंबर २०१२ पासून त्याची मर्यादा १.६ वॅट प्रतिकिलो आहे. पण हा आकडा फोन पूर्ण ताकदीने चालवून मोजतात. म्हणून ०.९ चा फोन १.२ च्या फोनपेक्षा रोजच्या वापरात चांगलाच, असा हिशेब मांडू नका.

खरा फरक रेंजने पडतो. टॉवरचा सिग्नल क्षीण असेल तर तिथवर पोचायला फोन स्वतःची ताकद वाढवतो. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये अबाउट फोन, मग सिम स्टेटस उघडा. तिथे सिग्नलची ताकद डीबीएम या मापात दिसते. आकडा उणे ८५ च्या आसपास असेल तर उत्तम. उणे ११० च्याही खाली गेला तर फोन जोर लावतोय. आकडा १० ने घसरला की सिग्नल दहावा हिस्सा उरतो. जुन्या नाशकातल्या वाड्यात माजघर आणि ओसरी दोन्हीकडे मोजून बघा, आणि जिथे आकडा चांगला तिथे बसून बोला. घरात वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा. मुंबईच्या गाडीत कसारा घाटातल्या बोगद्यांमध्ये लांब कॉल टाळा.

वायरचा इअरफोन किंवा स्पीकर वापरला तर फोन काही सेंटीमीटर दूर जातो आणि डोक्यात शोषली जाणारी ऊर्जा खूप घटते. पेसमेकर असेल तर फोन त्यापासून किमान १५ सेंटीमीटर लांब ठेवा. शर्टाच्या खिशात तर नकोच.

रेडिएशन रोखणाऱ्या स्टिकरवर पैसे घालवू नका. अँटेना झाकली गेली तर फोन उलट ताकद वाढवतो, नाही झाकली तर स्टिकर निरुपयोगी.

कॅन्सरचं काय? २०११ मध्ये आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने, या लहरींना ‘कदाचित कर्ककारक’ अशा २बी गटात टाकलं, तेही मर्यादित पुराव्यावर. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आढाव्यात मोबाइलचा मेंदूच्या कॅन्सरशी संबंध आढळला नाही.

टॉवरबद्दल शंका उरलीच तर दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर त्याची नोंद पाहा. ४००० रुपये भरून टॉवरच्या लहरींची मोजणीही मागता येते. अँटेनाचा झोत बहुतांशी आडवा जातो, म्हणून मोजणी थेट खालच्या घरापेक्षा समोरच्या, त्याच उंचीच्या बाल्कनीत करायला सांगा. आणि टॉवर हटवा म्हणण्याआधी आसपासच्या घरांतले डीबीएम आकडे लिहून ठेवा. टॉवर गेल्यावर रेंज पडली तर त्या प्रत्येक घरातला फोन जास्त ताकदीने चालेल.