तिकीट काढायच्या आधी इन्फोपॅक वाचा

युरोपात राहून तिथल्या युवा संस्थेत व्हॉलंटियर्सना ट्रेनिंग देणाऱ्या आपल्या मंडळींनी साल्टोचं (युवा कामाला मदत करणाऱ्या केंद्रांचं युरोपियन जाळं) युरोपियन ट्रेनिंग कॅलेंडर बघत जा, इरॅस्मस प्लस या युरोपियन युनियनच्या शिक्षण-युवा योजनेचे बरेच कोर्स तिथे दिसतात. राहणं-जेवण बहुतेक वेळा आयोजकच बघतात, पण प्रवासखर्च आधी आपल्याच खिशातून आणि पैसे नंतर मिळतात, त्यामुळे बोर्डिंग पासच काय, बसच्या तिकिटाचं चिटोरंही फेकू नका, फोटो काढून ठेवा. किती रकमेपर्यंत देणार ते इन्फोपॅकमध्ये, म्हणजे आयोजकांच्या माहितीपत्रकात असतं. कोर्स शेंगेनबाहेर असेल तर भारतीय पासपोर्टवाल्यांनी व्हिसाचं आधी बघायचं, बाकीच्यांना हे सुचतच नाही! आपापल्या देशाचं खाणं मांडायच्या इंटरकल्चरल नाइटला चिवडा बेस्ट, फक्त शेंगदाणे असल्याची चिठ्ठी लावा. युथपासमध्ये, म्हणजे कोर्सच्या सर्टिफिकेटमध्ये काय शिकलो ते आपणच लिहायचं असतं, म्हणून रोज झोपताना दोन ओळी खरडून ठेवा.