मामाच्या गावाला निघण्याआधी

कपडे शेवटी भरले तरी चालतात, आधी डॉक्टरांचं पत्र. आम्हा दोघांकडून एकेक बिघडलेला जीन लेकाकडे गेला, त्यामुळे त्याचं एमकॅड नावाचं एन्झाइम जन्मापासून काम करत नाही. पोट फार वेळ रिकामं राहिलं की शरीर चरबी जाळायला घेतं आणि मध्यम साखळीच्या फॅटी ॲसिडपाशी अडतं. ती रक्तात साचतात, रिपोर्टमध्ये ‘सी8’ (आठ कार्बनच्या साखळीचा आकडा) चढलेला दिसतो. चरबीपासून मिळणारं दुसरं इंधन, कीटोन, तेही पुरेसे बनत नाहीत, म्हणजे साखर उतरली की मेंदूला दुसरा आधार नाही.

तर सही-शिक्क्याचं इमर्जन्सी पत्र प्लास्टिकच्या पाकिटात, पिशवीच्या पुढच्या कप्प्यात. आजाराचं नाव, 10 टक्के डेक्स्ट्रोजचं (म्हणजे ग्लुकोजचं) सलाइन, वजनाप्रमाणे वेग आणि लाल शाईत एक ओळ: ‘ग्लुकोमीटरवर साखर नॉर्मल असली तरी थांबू नये.’ ही ओळ मी मागून लिहून घेतली. एकदा पहाटे तीनला पोरगं मांडीवर मलूल पडलेलं आणि ड्यूटीवरचे डॉक्टर स्ट्रिप दाखवत म्हणाले, ‘शुगर 82 आहे, सकाळी बघू.’ साखर घसरते ती सगळ्यात शेवटी, तोवर पुष्कळ बिघडलेलं असतं. पत्राचा फोटो माझ्या, यांच्या आणि दादाच्या फोनमध्ये. वजन वाढलं की पत्र नवं.

मग ग्लुकोज पावडर, मापाचा चमचा, बाटली. किती पाण्यात किती ग्रॅम, हे डॉक्टरांनी वयाप्रमाणे ठरवून दिलंय. डब्याच्या झाकणावरच चिकटवलंय, रात्री अडीचला काही आठवत नाही. ओआरएस असू द्या, पण त्याच्यावर विसंबू नका, लिटरभरात ग्लुकोज अवघं 13.5 ग्रॅम. शुगर-फ्री सरबत तर नकोच.

रात्रीची गाडी असेल तर जेवणापासून नाश्त्यापर्यंतचे तास मोजा, गाडी लेट होणार हे धरून.

सगळ्यात अवघड तयारी आईची. ‘उलटी झाली की एक दिवस लंघन, पोट आपोआप ताळ्यावर येतं,’ असं तिने आम्हा सगळ्यांना वाढवलं. म्हटलं, ‘आई, याला लंघन चालतच नाही गं. उलटी झाली की आधी मला उठव.’ तरी फ्रिजवर कागद लावणार आहेच.

जवळचं चोवीस तास चालणारं मुलांचं हॉस्पिटल कुठलं, तिथे 10 टक्के डेक्स्ट्रोज असतं का, हे दादाने फोन करून विचारलंय. त्याच्या गाडीची किल्ली रात्री कुठे टांगलेली असते, ते मात्र पोचल्या पोचल्या बघून घ्यायचं.