ओपनिंगमधील कच्ची शाखा कशी पक्की करावी

कोकणात पावसाळ्याचे चार महिने अंगण भिजलेले असते आणि पडवीत बुद्धिबळाचा पट मांडलेला असतो. ओपनिंगमधील, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या खेळ्यांमधील, कमकुवत शाखा (खेळ्यांचा एखादा फाटा) दुरुस्त करायला याहून चांगला काळ नाही. एखादी शाखा सतत दगा देते म्हणून संपूर्ण ओपनिंग सोडू नये. हरलेल्या डावांच्या नोंदी काढाव्यात आणि नेमक्या कोणत्या खेळीपाशी आपण अडखळलो, तिथे खूण करावी.

माझी ती जागा कॅरो-कानमध्ये, म्हणजे पांढऱ्याच्या ई४ ला काळ्याने सी६ ने उत्तर देण्याच्या ओपनिंगमध्ये, काळ्या बाजूने खेळताना सापडली. पांढऱ्याने तिसऱ्या खेळीला प्यादे ई५ वर सरकवले, मी उंट एफ५ वर आणला आणि त्याने एच४ वर प्यादे सरकवल्यावर सवयीने ई६ या प्याद्याच्या खेळीने उत्तर दिले, की जी४, एफ३ आणि एच५ या प्याद्यांच्या रेट्यात माझा उंट रापणीतल्या माशासारखा अडकत असे. दुरुस्ती एकाच खेळीची होती: ई६ ऐवजी एच५. त्यामुळे पांढऱ्याचे एच प्यादे जागीच थांबते; मोबदल्यात माझ्या बाजूचे जी५ हे घर कायमचे कच्चे होते, आणि हे आधीच ठाऊक असलेले बरे.

नवी खेळी इंजिनला (बुद्धिबळाच्या संगणक प्रोग्रामला) विचारण्यापूर्वी तिच्यामागचे कारण स्वतःच्या शब्दांत वहीत लिहावे, कारण इंजिन खेळी दाखवते, पण ती लक्षात राहते कारणामुळे. मग त्याच स्थितीपासून मित्राबरोबर पंधरा-पंधरा मिनिटांचे डाव दोन्ही बाजूंनी खेळावेत. पांढऱ्या बाजूने खेळताना आपल्याला काय टोचते, हे विशेष लक्ष देऊन पाहावे.