‘बारीक झाल्यावर घालीन’ वाला कप्पा कसा रिकामा करायचा

माझ्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात चार ब्लाउज, दोन जीन्स आणि एक अनारकली सहा वर्षं पडून होते. सगळे "बारीक झाल्यावर घालीन" वाले. मधे कुठल्यातरी व्हिडिओत ऐकलं की रोज सकाळी आरशासमोर उभं राहून "मी सुंदर आहे" असं एकवीस वेळा म्हणायचं, तर मी तिसऱ्याच वेळी खुदकन हसले आणि आतून नवरा विचारतोय काय झालं गं. त्यामुळे ते मी सांगणार नाहीये. स्वतःचं शरीर आवडलंच पाहिजे अशी काही सक्ती नाही हो, त्याच्याशी रोजची कटकट थांबली तरी पुष्कळ झालं, आणि माझी तरी ती आधी कपड्यात थांबली, मनात नंतर.

तर सुरुवात कपाटापासून. एका बैठकीत पाच-सहाच कपडे काढा, जास्त काढले की रडू येतं. जे होत नाही आणि खरं सांगायचं तर आता आवडतही नाही ते देऊन टाका. जे आवडतं ते टेलरकडे. ब्लाउज उलटा करून बाजूची शिवण बघा, चांगल्या टेलरने तिथे माया, म्हणजे जास्तीचं कापड, ठेवलेली असते, ती उसवली की दोन इंच तरी आरामात मिळतात. माया आधीच संपली असेल तर काखेपासून खालपर्यंत त्याच रंगाची पट्टी जोडता येते, हात खाली असला की दिसतसुद्धा नाही. आणि ब्लाउज काचतो तो बरेचदा छातीत नाही, दंडात आणि मुंढ्यात, म्हणून ट्रायल घेताना वरच्या फळीवरचा डबा काढतोय असा हात वर करून बघा. माप देताना पोट आत ओढू नका, आपण सगळ्याच ओढतो आणि मग कार्यात जेवण झाल्यावर हुक तुटतो. माझा टेलर माप असं ओरडून सांगायचा, "दंड पंधरा!", पोऱ्या वहीत लिहितोय, दोन गिऱ्हाइकं ऐकतायत. एकदा म्हटलं, भाऊ जरा हळू. त्या दिवसापासून हळू सांगतो, एवढंच होतं ते, आणि मी दहा वर्षं गप्प बसले होते.

विकतच्या कपड्यांचा नंबर मनाला लावून घेऊ नका, एका दुकानाचा एल दुसऱ्या दुकानात डबल एक्सएल निघतो, टॅग खुपत असेल तर घरी आल्या आल्या कापून टाका. उन्हाळ्यात मांड्या घासून सोलवटतात त्यांनी साडीच्या आत सायकलिंग शॉर्ट घालावी. कुणी सांगत नाही म्हणून सांगतेय. आणि लोकलमध्ये चौथ्या सीटवरून कुणी "जरा सरका की" म्हणत तुमच्या मांडीकडे बघितलं तर लक्षात ठेवा, ती सीट तिघींसाठी बनवलीये, चौथी आपण मुंबईकरांनी घुसवली, त्यात मांडीचा काय दोष.

आता नातेवाईक. आपल्याकडे गंमत अशी की आधी "अगं एकच पुरणपोळी? घे अजून, माझी शपथ" म्हणून आग्रह करकरून वाढणार आणि हात धुवायला उठलं की तीच मावशी म्हणणार, "किती सुटलीयेस गं!" यावर भाषण द्यायचं नाही. मोठ्यांशी वाद घातला की उद्धट ठरतो आपण, वजन राहतं बाजूला. एक वाक्य पाठ करून ठेवायचं आणि तेच परत परत म्हणायचं. माझं वाक्य आहे, "ते मी आणि माझे डॉक्टर बघतोय मावशी, तुझा गुडघा कसा आहे?" गुडघा विचारला की वीस मिनिटं सुटका. सासरकडच्यांना जरा मऊ, "हो का आई, असेल, अहो ते वाण कुठे ठेवलंय?" समवयस्क असेल तर सरळ सांगते, माझ्या वजनावर नको बोलूस, मला त्रास होतो. पहिल्यांदा आवाज कापतो, कापू दे.

आणि हे फक्त जाड लोकांचं नाही. माझ्या भाच्याला अख्खं घर काडी पैलवान म्हणायचं, तो मे महिन्यातसुद्धा फुल शर्ट घालून फिरायचा आणि आम्हाला वाटायचं फॅशन आहे. "वाऱ्याने उडशील" हासुद्धा टोमणाच.

डॉक्टरचं प्रकरण नाजूक आहे. एकदा कान दुखत होता म्हणून गेले तर आधी "वजन कमी करा" आणि मग कान. अशा वेळी एकच प्रश्न विचारा, "हीच तक्रार घेऊन बारीक पेशंट आला असता तर काय तपासलं असतं?" शांतपणे विचारायचं, भांडायचं नाही. दुसरं, दंड जाड असेल तर बीपी बघताना मोठा कफ, म्हणजे दंडाला गुंडाळतात तो पट्टा, मागा, लहान कफ करकचून लावला की आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो आणि उगाच घाबरायला होतं. तपासण्या मात्र टाळू नका, वजनकाट्याच्या लाजेपायी शुगर न बघणाऱ्या दोघी माझ्या ओळखीत आहेत.

बीएमआयचं, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणाऱ्या आकड्याचं पण ऐकून ठेवा. हे गणित 1830 च्या दशकात बेल्जियमच्या अडॉल्फ क्वेटलेने मांडलं, तो डॉक्टर नव्हता, खगोल आणि आकडेवारीतला माणूस होता, त्याला ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता. बॉडी मास इंडेक्स, म्हणजेच बीएमआय, हे नाव पडलं 1972 मध्ये. आणि आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात स्वतःचा आणि इंग्लंडच्या जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता, दोघांचा बीएमआय 22.3, पण अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2! म्हणजे दिसायला बारीक असलेल्याने निर्धास्त राहू नये, आणि जाड माणसाकडे नुसतं बघून कुणी निदान करू नये.

घरात मुलं असतील तर त्यांच्यासमोर आरशात बघून "शी, कसली दिसतेय मी" हे बंद. मला हे सगळ्यात जड गेलं. माझी लेक आठ वर्षांची असताना फ्रॉक घालून पोट आत ओढून उभी होती, कुणी शिकवलं असेल तिला, मीच ना. आता आम्ही ढोली, जाडी, बारकुडी ही टोपणनावं घरात बंद केलीयेत, आजोबा विसरतात अधूनमधून. पण मूल किंवा मोठं कुणी जेवण चुकवायला लागलं, जेवल्यावर मुद्दाम उलटी करतंय, लपवून खातंय असं दिसलं तर समजावत बसू नका, डॉक्टर गाठा. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

फोनवर बघितल्यावर स्वतःची लाज वाटते ती सगळी खाती म्यूट करा, यात विचार करण्यासारखं काही नाही.

माझा कप्पा आता रिकामा आहे, म्हणजे त्यात दिवाळीचे आकाशकंदील ठेवलेत. अनारकली काही झाली नाही, भाचीला दिली. चारातले तीन ब्लाउज झाले, चौथ्याला पट्टी लावायचीये, पण तुळशीचं लग्न झालं की लग्नसराईच्या गर्दीत आमचा टेलर अल्टरचं काम घेतच नाही, तेव्हा त्याच्या आधी टाकून या.