घरगुती खानावळीच्या पाटीवरचं इंग्रजी: एका अक्षराचा घोळ

दापोली-गुहागरपासून मालवणपर्यंत पाटी किंवा मेनू रंगवायला देण्याआधी हे शब्द अक्षर न अक्षर तपासा. मोबाइलचा स्पेलचेक इथे बऱ्याचदा गप्प बसतो, कारण चुकलेला शब्दही इंग्रजीत अस्तित्वात असतो.

सगळ्यात जास्त फसवतो तो गोडाचा शब्द. मोदक, खरवस ज्याखाली लिहायचे त्या ‘डिझर्ट’मध्ये दोन एस: डी-ई-एस-एस-ई-आर-टी. एक एस गळला की वाळवंट झालं! गोड पुन्हा मागून घेतात, म्हणून एस दोनदा, असं लक्षात ठेवा. उच्चारही वेगळा: गोडाचा जोर शेवटी, वाळवंटाचा सुरुवातीला.

शांत किनारा म्हणजे ‘क्वायट’: क्यू-यू-आय-ई-टी. शेवटची दोन अक्षरं उलटली तर ‘बऱ्यापैकी’ असा अर्थ होतो आणि पाटी अर्धवट वाटते.

नाश्ता फुकट असेल तर ‘कॉम्प्लिमेंटरी’त एलनंतर आय. तिथे ई घातला तर अर्थ ‘पूरक’.

वह्या-पेनांच्या दुकानावरच्या ‘स्टेशनरी’ला शेवटी ई-आर-वाय. ए-आर-वाय म्हणजे एका जागी थांबलेलं.

रंगाऱ्याला शब्द फोनवर सांगू नका, मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून द्या.