जुन्या वस्तीतला रिनोव्हेट केलेला फ्लॅट भाड्याने घेताय? आधी भिंतीला हात लावा

ऐतिहासिक वस्तीतला फ्लॅट बघायला गेलं की माणूस दारातच विरघळतो. उंच छत, लाकडी जिना, खाली दगडी गल्ली, आणि आत चकाचक किचन. मी पण असाच विरघळलो होतो, म्हणून सांगतोय, ताजा रंग दिसला की आधी थोडा संशय घ्यायचा.

पहिलं काम, मालकाला किंवा एजंटला विचारा की रिनोव्हेशनमध्ये नेमकं काय बदललं. 'सगळं नवीन केलंय' हे काय उत्तर नाही. वायरिंग, पाण्याचे पाईप, ड्रेनेज, छप्पर, एकेकाचं नाव घेऊन विचारा आणि कधी केलं तेही विचारा, कारण टाईल्स आणि रंग झटपट होतात, भिंतीतलं काम काढायला मात्र सगळं घर फोडावं लागतं आणि तेच बरेच जण टाळतात.

मग भिंती, इथे भरपूर वेळ घालवा. जुन्या बिल्डिंगी बहुतेक चुन्यात बांधलेल्या असतात, आणि चुन्याच्या भिंतीत शिरलेली ओल हळूहळू बाहेर पडून सुकते. वरून सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक पेंट चढवला की ती ओल आतच कोंडते आणि मग काही महिन्यांत फुगे, पोपडे, लोणा, सगळा कार्यक्रम सुरू. तळमजल्यावर जमिनीतली ओल साधारण 1 मीटरपर्यंत वर चढते, म्हणजे कंबरेखालची भिंत बघायची. तळहात टेकवा, गार-दमट लागतेय का बघा, बोटाने टकटक करा, पोकळ आवाज आला तर गिलावा सुटलाय. आणि कपाट, पलंग सरकवायला सांगा, लाजू नका. मी लाजलो. पलंगामागे तेवढ्याच पट्ट्यात रंग नवीन होता, मला वाटलं वा, किती काळजी घेतात, पहिल्याच पावसात तिथे पिठासारखा पांढरा लोणा फुटला आणि गादीला जो वास बसला तो शेवटपर्यंत गेला नाही.

भेगा बघून घाबरू नका, जुन्या बिल्डिंगीत त्या असतातच, जमीनही थोडी उतरती असते, गोटी ठेवली तर गडगडत जाईल. पण भेग नव्या रंगालाही चिरून गेली असेल तर भिंत रंगानंतर हललीये, आणि ती तिरकी आणि रुंद असेल तर इंजिनियरचं मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. तुळया दिसत असतील तर किल्लीचं टोक दाबून बघा, मऊ लागलं किंवा खाली भुसा पडलेला दिसला की समजा आत कोणीतरी आधीच राहतंय.

लाईटचं बटणांवरून ठरवू नका, बोर्ड नवीन आणि आतली वायर जुनी असं सर्रास असतं. जुन्या वायरीवरचं रबर कडक होऊन तुटतं आणि शॉर्टसर्किट तिथूनच होतं. मेन बोर्ड उघडायला लावा, त्यात आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाईट तोडणारा स्विच) असेल तर 'टेस्ट' लिहिलेलं बटण दाबा, लाईट गेली पाहिजे, नाही गेली तर ते नुसतं शोभेला आहे. नसेलच तर बसवून मागा.

पाण्यासाठी सगळे नळ एकदम सोडा आणि त्यातच फ्लश करा, धार किती उरते ते बघा. सुरुवातीचं पाणी तांबूस आलं तर लोखंडी पाईप आतून गंजलेत. फारच जुन्या घरात शिशाचे पाईपही निघतात, करडे आणि मऊ, नाण्याने खरवडलं की चकाकतात. असला पाईप दिसला तर ते पाणी प्यायचं नाही, विषय संपला. जुन्या रंगातही शिसं असू शकतं, घरात रांगतं मूल असेल तर खिडकी-दारांचे निघालेले पोपडे नीट बघा.

फोन आतल्या खोलीत नेऊन लावून बघा, जाड भिंतीत रेंज मरते आणि वाय-फायचा 5 गिगाहर्ट्झवाला वेगवान सिग्नल तर एका खोलीतच अडकतो. सोफ्याचं माप आणि जिन्याच्या वळणाचं माप, दोन्ही घ्या. एकदा रात्री जा, कारण दुपारी शांत वाटणारी गल्ली शनिवारी रात्री वेगळीच असते. पाऊस असेल त्या दिवशी गेलात तर अजून उत्तम.

सही करण्याआधी एसीचं बाहेरचं युनिट, ग्रिल, डिश लावता येईल का ते लेखी घ्या, संरक्षित बिल्डिंगीत दर्शनी भागाला हात लावायला परवानगी लागते आणि मालकाच्या तोंडी 'हो'ला तिथे किंमत नाही. गळती झाली तर दुरुस्ती कोण करणार, किती दिवसांत, हे अ‍ॅग्रीमेंटमध्ये पाहिजे, आणि बिल्डिंगीचं पुढचं काम ठरलंय का तेही विचारा, नाहीतर सहा महिने खिडकीसमोर परांची बघत बसाल. चावी मिळाली की सामान आत न्यायच्या आधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढून त्याच दिवशी मालकाला मेल करा, कंबरेखालच्या भिंती आणि छताचे कोपरे जवळून घ्या, डिपॉझिटची भांडणं तिथेच होतात.